सहा इंचांच्या पडद्यावर सातारा-सांगली



ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीतल्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं? १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुसरा आकडा लागायचा तो साताऱ्याकडून, कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याचा. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी सांगलीत यायला काही तास जातात. त्या तासांत ट्रॅक्टर बोलवायचा का, जनावरं सोडायची का, आजीला माडीवर न्यायचं की थेट मिरजेला पाहुण्यांकडे, हे सगळं ठरायचं.

आकडे होते. मोजणारे रात्रभर मोजत होते. पण लोकांच्या हातातल्या फोनवर ते यायचे ते पत्रकाचा फोटो, त्या फोटोचा स्क्रीनशॉट आणि तो दहा गटांतून पुढे ढकललेला, अशा अवतारात. वरची तारीख कापली गेलेली, खालची सही अर्धी. पाणी सकाळचं की काल रात्रीचं, कळायला मार्ग नाही. एवढी यंत्रणा राबून शेवटचा वीतभर रस्ता कच्चाच राहिला होता.

फ्रंट-एंड डेव्हलपरचं काम या शेवटच्या वीतभर जागेत चालतं. कुठल्या तरी सर्व्हरवर असलेली माहिती माणसाच्या बोटापर्यंत आणायची, ती त्याला वाचता यावी, दाबायचं बटण दाबता यावं, आणि चूक झाली तर मागे फिरता यावं. पुराचं पान करायचं तर आकडा मोठ्या टाइपात हवा, तो चित्रात नको, मजकुरात हवा, म्हणजे अंध माणसाचा फोनही तो बोलून दाखवेल. बाजूला वेळ हवी. पाणी चढतंय की उतरतंय याचा बाण हवा. आणि चार्जिंग १० टक्क्यांवर, रेंजची एकच काडी, काच तडकलेली अशा फोनवर ते पान उघडायला हवं. या कामाला अजून पुष्कळ ठिकाणी ‘जरा यूआयचं बघ’ म्हणतात.

साताऱ्या-सांगलीतल्या वेब बनवणाऱ्या मंडळींच्या या संमेलनात अध्यक्षपदावरून बोलायचं तर या ‘जरा’वरच बोलायला हवं.

धंद्याचा इतिहास फार जुना नाही. टिम बर्नर्स-ली यांचं वेब १९९१मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हा पान म्हणजे मजकूर आणि दुवे. होकॉन व्हियम ली यांनी १९९४मध्ये पानाला रंगरूप देणाऱ्या सीएसएसचा प्रस्ताव मांडला आणि १९९६च्या अखेरीस त्याची पहिली प्रमाण आवृत्ती आली. ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला अवतार १९९५च्या मे महिन्यात १० दिवसांत उभा केला, आणि त्या घाईची फळं जगभरचे प्रोग्रामर आजही चाखताहेत. २०१०मध्ये इथन मार्कॉट यांनी लहान-मोठ्या पडद्यांना जुळवून घेणाऱ्या पानांची कल्पना मांडली. २०१३मध्ये फेसबुकने पडदे बांधण्यासाठी केलेलं रिअ‍ॅक्ट खुलं केलं. तिथून पुढे नोकरीच्या जाहिरातीत ‘एचटीएमएल येतं का’ हा प्रश्न मागे पडून ‘रिअ‍ॅक्टचा किती वर्षांचा अनुभव’ हा पुढे आला. फ्रेमवर्क आलं की एचटीएमएल आलंच, असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं. ते काही खरं नव्हतं.

आता स्टार्टअपमधला दिवस बघा. विट्याकडचा किंवा कोरेगावकडचा एखादा मुलगा पुण्यात बाणेरला आठ-दहा जणांच्या कंपनीत लागतो. सकाळी स्टँडअप, म्हणजे उभ्या-उभ्या काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय ते सांगायचं. मग डिझायनरने फिग्मात काढलेला पडदा समोर येतो. त्यात सगळी नावं आखूड, सगळे फोटो सुंदर, प्रत्येक यादीत नेमक्या चार ओळी. प्रत्यक्षात यादी रिकामी असते किंवा तिच्यात ४०० ओळी असतात. नेट मध्येच जातं. माणूस बटण दोनदा दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात. या सगळ्या अवस्था डिझाइनमध्ये नसतात, त्या त्या मुलाला सुचाव्या लागतात. बॅक-एंडवाला एपीआयचं उत्तर बदलतो आणि सांगायला विसरतो. संस्थापक मागून येऊन म्हणतात, “एवढंसंच तर आहे, संध्याकाळपर्यंत होईल ना?” केलेला बदल पीआर म्हणून टाकला जातो, त्याचा रिव्ह्यू होतो, मर्ज होतं, डिप्लॉय होतं. शुक्रवारी डिप्लॉय करू नये हे सर्वांना माहीत असतं आणि दर शुक्रवारी ते होतं.

गुंतवणूकदारांसमोरचा डेमो झकास होतो. लॅपटॉप महागडा, वायफाय जोरात. तेच अ‍ॅप जतच्या पुढे किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या खोऱ्यात आठ-नऊ हजारांच्या फोनवर उघडलं की पांढरा पडदा दिसतो, आणि दिसतच राहतो. गूगलने चांगल्या पानासाठी मापं घालून दिली आहेत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हलावं. हे दुसरं माप मार्च २०२४पासून अधिकृत झालं. क्रोममध्येच नेट मुद्दाम मंद करून बघायची सोय आहे. किती जण ती वापरतात हा प्रश्न या सभागृहात विचारला तर बरेच चेहरे खाली जातील.

मोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवाने कळलं. मिंत्राने मे २०१५मध्ये वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं आणि वर्षभराच्या आतबाहेर ती वेबवर परतली. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लाइट’ नावाची हलकी वेब आवृत्ती काढली, कारण फोनमध्ये जागा नाही म्हणून गिऱ्हाईक अ‍ॅप काढून टाकत होतं. त्यानंतर सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि पडद्यापुढे बसलेला माणूस बदलला. तो आता पलूसचा द्राक्षबागायतदार होता, फलटणची अंगणवाडीताई होती, मिरजेचा तंतुवाद्यं बनवणारा कारागीर होता. पडदे मात्र जुन्याच गिऱ्हाइकासाठी बनत राहिले.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मराठी. ‘भाषांतर करून टाकू’ असं स्टार्टअपमध्ये म्हणतात आणि इंग्रजी वाक्यांची फाइल कुणाला तरी पाठवतात. भाषांतर हा प्रश्नाचा लहान तुकडा आहे. मोठा तुकडा डेव्हलपरच्या कोडमध्ये असतो, आणि तो जरा जवळून बघण्यासारखा आहे.

‘सांगली’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती ६ सांगते, कारण स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी या तिच्या लेखी सहा स्वतंत्र खुणा आहेत. साठवताना त्याच्या १८ बाइट होतात. म्हणजे ज्या चौकटीला ‘जास्तीत जास्त २० अक्षरं’ अशी मर्यादा घातली आहे आणि ती बाइटमध्ये मोजली जाते, तिच्यात इंग्रजी नाव ऐसपैस बसतं आणि ‘ज्ञानेश्वर’सारखं साधं नाव आडनावापर्यंत पोचायच्या आत अडतं. लांब मजकूर कापून पुढे तीन टिंबं द्यायची तर कोड मधूनच कापतं, आणि काना एका बाजूला, अक्षर दुसऱ्या बाजूला असं होऊन उरलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला टिंबांचं वर्तुळ दिसायला लागतं. यावरचा उपाय ब्राउझरमध्ये तयार आहे. वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर एकच धरून मोजणारा सेगमेंटर मिळतो, तो फक्त वापरायचा असतो.

‘साताऱ्याचा’ या शब्दाची गंमत आणखी पुढची. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ ही वेगळी खूण वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडचिन्हाचा तुकडा. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत. त्यामुळे एकाने भरलेला ‘साताऱ्याचा’ दुसऱ्याला शोधून सापडत नाही. साताऱ्यातल्या कंपनीच्या शोधपेटीला साताराच सापडू नये, याला काय म्हणावं? शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेणाऱ्या पाच-सात ओळी लिहिल्या की काम भागतं. त्या लिहिण्यासाठी मराठी टाइप करणारा माणूस टीममध्ये हवा, एवढंच.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं तर नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ‘सांगली’तला ल आणि ‘शिराळा’तला श मराठी वळणाचे दाखवतात. नाही सांगितलं तर हिंदी वळणाचे येतात. एका ओळीचं काम, आणि सरकारी-खासगी शेकडो पानांवर ते राहिलेलं असतं. इंग्रजी मथळे ऐटबाज दिसावेत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची फॅशन आहे. तेच मराठीला लावलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली की ‘मूर्ती’चा रफार वरून आणि दीर्घ उकार खालून कापला जातो. फोनच्या मराठी कीबोर्डवरून एखाद्याने क्षेत्राच्या चौकटीत ‘५’ लिहिलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. शेतकऱ्याला लाल अक्षरांत उत्तर मिळतं, ‘कृपया योग्य संख्या टाका’. त्याने टाकलेली संख्या योग्यच असते.

यादी अक्षरवार लावतानाही तसंच. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा लच्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो हच्या नंतर, क्ष-ज्ञच्या आधी येतो. ब्राउझरला मराठी क्रम वापर असं सांगता येतं, पण सांगावं लागतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्त आणि बलूसारखे देवनागरी फाँट मोफत दिले. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल केला तेव्हापासून संगणकावरचं देवनागरी मोठा पल्ला चालून आलं आहे. साहित्य हाताशी आहे. पडद्यावर ते लावणारे हात कमी पडतात.

वाईचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, पहिला खंड १९७६मध्ये निघाला, आणि आज वीसही खंड संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाने मराठी वेबला दिलेला हा मोठा ऐवज आहे. पण छापील कोशातली नोंद फोनवर आली की ती वेगळी वस्तू होते. लांबलचक परिच्छेद, संदर्भांचे संक्षेप, कोष्टकं, सूत्रं, आणि एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे ‘पहा’चे बाण. कोशकारांनी ते बाण मोठ्या विचाराने दिलेले असतात. पडद्यावर त्यांना बोटाने दाबता येईल असं करणं आणि दाबल्यावर वाचक हरवू नये हे बघणं, हे फ्रंट-एंडचं काम संपादनाच्या तोडीचं आहे. संपादकाचं नाव खंडावर छापतात. पडदा घडवणाऱ्याचं कुठेच नसतं, आणि त्याला स्वतःलाही त्याचं काही वाटत नाही, ही जास्त खटकणारी गोष्ट.

आता वापरणाऱ्यांकडे वळू. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकायला बसल्या, आणि पुढे मुंबईला जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं की वाचता येत नसलं तरी हिशेब येतो, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांना सांगा की तेच कॅल्क्युलेटर न वापरता काढा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. नंतर कार्ड आणि पिन नंबरचा विषय निघाला, तेव्हा बायकांनीच तो मोडून काढला. पिन कुणीही चोरेल आणि पैसे काढेल, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा हिशेब होता.

स्टार्टअपच्या भाषेत याला यूजर रिसर्च म्हणतात आणि त्यासाठी सल्लागार नेमतात. म्हसवडच्या बायकांनी तो चहा पिता पिता करून दिला असता. त्यांच्या म्हणण्यात डिझाइनचे किमान दोन धडे आहेत. पहिला असा की अक्षर न येणारा माणूस आकड्यांत पक्का असू शकतो. तेव्हा अशा गिऱ्हाइकासाठी कार्टूनची चित्रं आणि हसरे चेहरे भरण्यापेक्षा रक्कम, हप्ता, बाकी हे आकडे ठळक आणि नेहमी एकाच जागी ठेवणं महत्त्वाचं. दुसरा धडा घरातल्या फोनचा. तो फोन बाईचा एकटीचा नसतो. नवऱ्याच्या, पोराच्या हातात तो जातो. ‘मला लक्षात ठेव’ या खुणेत आपोआप टिक करून ठेवणाऱ्या डेव्हलपरने कुणाच्या तरी बचतीचं कुलूप उघडं ठेवलेलं असतं.

पडदा सगळ्यांना वापरता यावा, हा आता कायद्याचाही विषय झाला आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवता येत नव्हत्या, त्यामुळे बँकेतलं खातं, सिमकार्ड अशी साधी कामं अडत होती. न्यायालयाने वीस निर्देश दिले. ‘पापणी मिटा’ हा पडदा कुठल्या तरी ऑफिसात कुठल्या तरी फ्रंट-एंडवाल्याने लिहिला असणार, रिव्ह्यू झाला असणार, मर्जही झाला असणार. त्या टीममध्ये कुणीही ‘आणि मिटता येत नसेल तर?’ असं विचारलं नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतल्या कॉन्ट्रास्टचं प्रमाण किमान साडेचारास एक असावं, असं डब्ल्यूसीएजी हे वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात. फिकट राखाडीवर पांढरं लिहिणाऱ्या डिझायनरला ही अट जाचक वाटते. भर दुपारी उसाच्या फडात फोन बघणाऱ्या मुकादमाला ती वाटत नाही.

मग या दोन जिल्ह्यांतल्या डेव्हलपरकडे नेमकं काय आहे? बाजारात त्याची ओळख ‘स्वस्त’ अशी आहे. पुण्यात एका माणसाला देता तेवढ्यात सांगलीत दोघं मिळतात, असं उघड बोललं जातं, आणि इथले काही धंदेवाले तेच आपल्या जाहिरातीत लिहितात. ते चुकीचं विकताहेत. इथल्या मुलाजवळ जी वस्तू आहे ती बाणेरच्या मुलाला सहज मिळत नाही. त्याची आई बचत गटाचा हिशेब ठेवते, मामा मार्केट यार्डात हळदीचा सौदा करतो, चुलता सातबारासाठी सेतूत खेटे घालतो. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या सौद्यात भाव कसा फुटतो, पट्टी कशी निघते, उचल कशी वळती होते, हे ज्याने लहानपणापासून ऐकलं आहे, त्याने बनवलेला पडदा अडत्याला पहिल्या दिवशी समजतो. ही गिऱ्हाइकाची ओळख आहे, आणि तिचा दर वेगळा लावायला हवा.

या मातीत असं काम झालेलं नाही असंही नाही. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, आणि तिथूनच पुढे १९३०मध्ये ‘स्त्री’, १९३४मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. मुखपृष्ठ, मांडणी, चित्रं, जाहिरात यांवर त्यांची बारीक नजर असे, आणि पुण्या-मुंबईचे सुशिक्षित वाचक कुंडलजवळच्या एका वसाहतीत मांडलेलं मासिक आवडीने वाचत. भिलवडीला १९३९मध्ये सुरू झालेल्या चितळे डेअरीने जनावरांच्या कानाला आरएफआयडी बिल्ले लावून त्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या. गोठ्यातला माणूस हा संगणकाचा वापरकर्ता आहे, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. भाऊ संजय यांनी संगणक शिकून व्हायरस काढणारी साधनं लिहिली, आणि त्यातून उभं राहिलेलं क्विक हील २०१६मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची तक्रार काय असते, हे काटकर बंधूंना काउंटरवरून कळत होतं.

म्हणून सगळ्यांनी गावी परतावं, असा सल्ला देण्याचा मोह अध्यक्षांना होतो. तो आवरलेला बरा. स्टार्टअपमध्ये शिकायला मिळतं ते टीममध्ये, आणि चांगल्या टीमा अजून पुण्या-बंगळुरात आहेत. २०२०नंतर घरून काम करता येतं हे सिद्ध झालं खरं, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत शेजारी बसून कोड वाचून दाखवणारा वरिष्ठ नसेल तर मुलगा तिथेच राहतो. पावसाळ्यात लाइट जाते, कॉल तुटतो, आणि ‘त्याचं नेहमीचंच आहे’ असा शिक्का बसतो. शिवाय पगार उशिरा होणं, ईसॉपचे, म्हणजे कंपनीच्या शेअरचे, कागद न वाचता सह्या करणं, निधी संपला म्हणून एका सोमवारी अर्धी टीम घरी जाणं, हे स्टार्टअपचं रोजचं वास्तव आहे. घरचे विचारतात, कंपनी पर्मनंट आहे ना? त्या प्रश्नाला हसणाऱ्यांनी आपल्या ऑफर लेटरमधली नोटीस पिरियडची ओळ एकदा नीट वाचावी.

कॉलेजांबद्दल दोन शब्द. सांगलीचं वालचंद १९४७पासूनचं. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चं. साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३चं. एवढी परंपरा असलेल्या पट्ट्यात वेबचा विषय अजून बऱ्याच ठिकाणी एका सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलमध्ये उरकला जातो, आणि शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट म्हणजे ग्रंथालय व्यवस्थापन, हॉटेल बुकिंग आणि पुन्हा ग्रंथालय व्यवस्थापन. ग्रंथपालाला मात्र कुणी विचारायला गेलेलं नसतं.

त्यात आता कोड लिहून देणारी यंत्रं आली आहेत. विचारलं की बटण, फॉर्म, आख्खं पान मिळतं. नवशिक्याला जे काम देऊन शिकवत, नेमकं तेच काम यंत्र करतं, त्यामुळे पहिली नोकरी अवघड झाली आहे, हे नाकारून चालणार नाही. यंत्राने दिलेलं पान चालतंही. मात्र देवनागरी ‘५’वर ते अडेल का, दोन तऱ्हांचा ‘साताऱ्याचा’ त्याला सापडेल का, हे त्याला कुणीतरी विचारावं लागतं, आणि विचारायला ते माहीत असावं लागतं. दुसऱ्याचा कोड डोळे मिटून घेण्याची सवय या धंद्याला यंत्रं यायच्या आधीपासून आहेच. मार्च २०१६मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरचे हजारो प्रोजेक्ट बंद पडले. डावीकडे रिकाम्या जागा भरणं, एवढंच ते पॅकेज करत होतं.

या संमेलनाने काय करावं, याबद्दल तीन सूचना ठरावासाठी ठेवल्या आहेत. पहिली नावाच्या चौकटीची. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, ही आपली रीत. ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’च्या दोन चौकटींत ती कोंबल्यामुळे आधार, बँक, शाळेचा दाखला या तिन्हींवर एकाच बाईची तीन नावं होतात आणि अनुदान अडकतं. नाव, आकडे, तारीख, पत्ता आणि शोध यांसाठी मराठी चालणारे तयार घटक इथल्या मंडळींनी एकत्र लिहावेत, सर्वांसाठी खुले ठेवावेत, आणि त्यांची देखभाल करायला आळीपाळीने माणसं नेमावीत. खुलं करून वाऱ्यावर सोडलेल्या कोडची गावात काही कमी नाही.

दुसरी सूचना जुन्या फोनची. प्रत्येक सभासदाने घरातला ड्रॉवरमध्ये पडलेला चालू फोन आणून द्यावा. साताऱ्यात एक आणि सांगलीत एक अशा दोन जागी ते ठेवावेत, आणि कुठल्याही कंपनीला, विद्यार्थ्याला आपलं पान त्यांवर फुकट तपासता यावं. तडकलेल्या काचेचे फोन विशेष करून आणावेत.

तिसरी सूचना इंटर्नशिपची, आणि तिच्यावर वाद होणार हे गृहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४मध्ये ती साताऱ्याला आणली. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांच्याच परंपरेतली. त्या जिल्ह्यात सहा-सहा महिने पोरांकडून फुकट पडदे बनवून घ्यायचे आणि शेवटी प्रमाणपत्राचा कागद द्यायचा, ही पद्धत बंद व्हावी. इंटर्नला दरमहा ठरलेली रक्कम द्यावी आणि आठवड्यातला अर्धा दिवस त्याने ज्याच्यासाठी पान बनतंय त्या माणसाशेजारी, मग तो अडत्या असो, आशाताई असो की तलाठी, बसून घालवावा, असा मसुदा आहे. रक्कम किती, हे या व्यासपीठावरून ठरवणं योग्य नाही. ते दुपारच्या सत्रात कंपन्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी समोरासमोर बसून ठरवावं. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेखी द्याव्यात.